श्यामच्या आईचा हिशेब

लहानपणी आवडलेले पुस्तक उतारवयात पुन्हा उघडणे हे वाटते तितके सोपे काम नाही. त्यात एक प्रकारची धास्ती असते. ज्या अंगणात दिवसभर धावूनही अंगण संपत नसे, ते अंगण मोठेपणी पाहावे तो अवघे दहा पावलांचे निघते. पुस्तकाचेही तसेच झाले तर? ज्या ओळींनी एके काळी डोळ्यांत पाणी उभे केले, त्या ओळी आता कोरड्या वाटल्या तर? या भीतीनेच पुष्कळ सुशिक्षित माणसे आपली बालपणीची पुस्तके कपाटात जपून ठेवतात, त्यांच्याविषयी गौरवाने बोलतात, परंतु ती पुन्हा वाचीत मात्र नाहीत. देव्हाऱ्यातल्या मूर्तीप्रमाणे त्यांना नमस्कार घडतो, त्यांच्याशी बोलणे घडत नाही.

ही भीती सर्वस्वी खोटी नाही. काही पुस्तके वयाबरोबर खरोखरच लहान होतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो; त्यांचे काम त्या वयापुरतेच असते. परंतु काही थोडी पुस्तके अशी असतात, की ती पहिल्या वाचनात आपला अर्धाच भाग वाचकाच्या हाती देतात आणि उरलेला अर्धा त्याचे केस पांढरे होईपर्यंत राखून ठेवतात. मराठी घरांत असे पुस्तक कोणते, असे विचारल्यास पुष्कळांच्या तोंडी एकच नाव येईल: साने गुरुजींचे ‘श्यामची आई’.

या पुस्तकाचा जन्मच मुळी एका आठवणीतून झालेला आहे. पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म १८९९ साली रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड या गावी झाला. त्यांच्या मातोश्री १९१७ साली निवर्तल्या. त्या वेळी मुलगा शिक्षणासाठी दूर होता. अखेरची भेट झाली नाही. पुढे अमळनेरच्या शाळेत शिक्षक म्हणून काही वर्षे काढून साने गुरुजी स्वातंत्र्याच्या चळवळीत शिरले, आणि १९३३ च्या फेब्रुवारी महिन्यात नाशिकच्या तुरुंगात असताना या लिखाणाचा मोठा भाग त्यांनी अवघ्या पाच दिवसांत कागदावर उतरविला. १९३५ साली पुस्तक प्रसिद्ध झाले. आश्रमातील सोबत्यांना श्याम रोज रात्री आपल्या आईची एक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्रींची ही माळ आहे. म्हणजे हे पुस्तक लिहिणारा श्याम नऊ-दहा वर्षांचा नव्हे. तो तेहतीस वर्षांचा आहे. आई जाऊन पंधरा वर्षे लोटल्यावर, आपल्या बालपणाचेच पुस्तक तो तुरुंगाच्या कोठडीत पुन्हा उघडून वाचीत आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवली, म्हणजे पुढे जे सांगावयाचे आहे ते नीट उमगेल.

पुण्यातील एका मध्यम वस्तीत राहणाऱ्या एका गृहस्थांची हकीकत या संदर्भात सांगण्याजोगी आहे. सरकारी कचेरीत छत्तीस वर्षे इमानाने नोकरी करून ते निवृत्त झाले. मुलगा आणि सूनबाई दोघेही नोकरी करणारी. घरात नऊ वर्षांची एक नात. एका उन्हाळ्याच्या सुटीत शाळेने मुलांना एखादे मराठी पुस्तक घरी वाचून या असे सांगितले, आणि आजोबांनी माळ्यावरच्या पेटीतून आपली जुनी ‘श्यामची आई’ खाली काढली. पाने पिवळी पडली होती, पुठ्ठा सुटला होता, आणि पहिल्या पानावर वडिलांच्या हातची शाई फिकट झालेली होती. रोज रात्री जेवणानंतर एक ‘रात्र’ वाचावयाची, असे आजोबा आणि नात यांचे ठरले. बेचाळीस रात्रींचा हिशेब सुटीशी बरोबर जुळत होता.

पहिल्या पंधरा-वीस रात्री आनंदात गेल्या. तेथे आजोबांना सारे ओळखीचे होते. अंघोळ झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आईला पदर पसरावयास लावणारा श्याम, आणि पायांइतकेच मनालाही जप असे सांगणारी ती आई. उमलण्यापूर्वीच कळ्या तोडून आणल्या म्हणून मुलाला फुलांचे दुःख समजावून देणारी ती आई. पोहण्याला भिऊन लपून बसलेल्या मुलाला शिमटीचा प्रसाद देऊन विहिरीवर धाडणारी, आणि मागाहून त्याच्यापुढे दही ठेवणारी ती आई. आजोबांनी पुस्तकातून डोळे वर करावेत आणि पुढचे तोंडाने सांगावे, इतके ते सारे त्यांच्या मनावर ठसलेले होते. ज्यांनी मूळ पुस्तक वाचलेले नसते, त्यांनाही हे प्रसंग ठाऊक असतात. कारण आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्यावर काढलेला चित्रपट घरोघरी पोचला आणि १९५४ साली राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मान त्यालाच मिळाला. ‘श्यामची आई’ म्हटले, की वत्सलता, संस्कार आणि अश्रू ही त्रयी मराठी मनात आपोआप उभी राहते.

परंतु पुस्तक पुढे सरकते तसतसा त्याचा रंग पालटत जातो. हा पालट लहान मुलाच्या फारसा ध्यानात येत नाही. आजोबांच्याही तो लहानपणी आलेला नव्हता. एके काळी सुस्थितीत असलेले खोताचे घराणे, भाऊबंदकीतून झालेली वाटणी, कोर्टकचेऱ्या, आणि मग हळूहळू चढत गेलेले कर्ज. उत्तरार्धातील रात्रींमागून रात्री या कर्जाच्या छायेत सांगितलेल्या आहेत. तेल असले तर मीठ नाही अशी घरची अवस्था होते. वसुलीसाठी सावकाराचा माणूस दारात येऊन बसतो, त्याला जेवू घालावे लागते, आणि वर त्याचे नको नको ते शब्द ऐकून घ्यावे लागतात. शेवटी गावात ढोल पिटून जप्ती पुकारली जाते, आणि त्या ढोलाचा आवाज तोंडाने काढून शाळेतली पोरे श्यामच्या धाकट्या भावाला चिडवितात. आजारी आई हे सारे अंथरुणावरून ऐकते.

आजोबांच्या लक्षात आले, की लहानपणी हा भाग वाचताना आपण केवळ रडलो होतो. आईला दुःख झाले एवढेच त्या वयात समजले. दुःख का झाले, ते टळण्यासारखे होते की नाही, आणि टळण्यासारखे असल्यास ते कोणामुळे टळले नाही, हे प्रश्न दहा वर्षांच्या मुलाला पडत नाहीत. कर्ज हे त्याच्या दृष्टीने पावसासारखे असते. ते येते आणि माणसे भिजतात.

एके रात्री असा प्रसंग आला, की जेथे श्यामची आई नवऱ्याला विनविते: जमीन विकून टाकावी, देणे फेडावे आणि मोकळे व्हावे. वाडवडिलांची जमीन विकण्याची कल्पना श्यामच्या वडिलांना सोसवत नाही. चुलीपाशी बसणाऱ्या बाईमाणसाला व्यवहारातले काय कळते, अशा भावनेने तिचा सल्ला बाजूस सारला जातो. जमीन राहते, आणि व्याजही राहते. पुढे जमीन जाते, आणि अब्रूही तिच्याबरोबर जाते. आजोबा वाचून थांबले. नात उशीवर कोपर टेकून ऐकत होती. ती म्हणाली, “आजोबा, आईचं म्हणणं तर बरोबरच होतं. मग त्यांनी तिचं ऐकलं का नाही?”

आजोबांनी वडीलधाऱ्या माणसाला शोभेल असे उत्तर दिले. ते म्हणाले, “बाळ, त्या काळी घरातल्या बायकांचं ऐकायची पद्धत नव्हती.”

“आता आहे?” नातीने विचारले.

त्या रात्री वाचन तेवढ्यावरच थांबले. नात झोपी गेली; आजोबांना मात्र झोप आली नाही. त्यांनी दिवा पुन्हा लावला आणि पुस्तक पहिल्यापासून चाळावयास घेतले. या खेपेस त्यांना आईचे अश्रू पाहावयाचे नव्हते. त्यांना तिचे व्यवहारज्ञान पाहावयाचे होते. आणि जे पुस्तक त्यांना जवळजवळ तोंडपाठ होते, त्यातूनच एक निराळी स्त्री त्यांच्यासमोर उभी राहू लागली.

ही बाई नुसती रडणारी नाही. वाटणीनंतर दुसऱ्याच्या आश्रयाने राहण्याची वेळ येते, तेव्हा हातांतल्या पाटल्या मोडा, पण स्वतःची लहानशी झोपडी का होईना उभारा, असा आग्रह धरणारी तीच आहे. सोन्यापेक्षा स्वतःच्या छपराचे मोल अधिक, हा निर्णय घेण्यास तिला क्षणभरही लागत नाही. दिवाळीच्या दिवसांत नवऱ्याचे धोतर जागोजाग शिवलेले आहे हे पाहून, भाऊबीजेचे जे चार पैसे हाती आले त्यांतून स्वतःसाठी काही न घेता त्याच्यासाठी धोतर आणविणारी तीच आहे. घरात कोणती वस्तू किती दिवस पुरेल, कोणता खर्च आज टाळता येईल आणि कोणता टाळल्यास उद्या दुप्पट भरावा लागेल, हे तिला पक्के ठाऊक आहे. सबंध घरात जिचे गणित चोख होते अशी ती एकटीच होती. आणि सबंध घरात जिला गणित विचारले गेले नाही अशीही ती एकटीच होती.

व्याजाचे स्वरूप ज्याला ठाऊक आहे त्याला तिच्या घाईचे मर्म लगेच समजेल. शंभर रुपयांच्या कर्जावर दरसाल दरशेकडा बारा रुपये व्याज असावे, आणि ते न फिटल्यामुळे दरवर्षी मुद्दलात मिळत जावे. अशा स्थितीत सहा वर्षांत ते शंभर रुपये जवळजवळ दोनशे होतात आणि बारा वर्षांत जवळजवळ चारशे. म्हणजे ऋणकोने नवा पैसाही उचललेला नसतो, कोणती चैनही केलेली नसते. केवळ वाट पाहिलेली असते. जमिनीचे उत्पन्न मात्र त्या बारा वर्षांत चौपट होत नाही. व्याज रात्रंदिवस वाढते आणि भात वर्षातून एकदाच पिकते. श्यामच्या आईने चक्रवाढ व्याजाची रीत कोणत्या शाळेत शिकलेली नव्हती. परंतु आजची विक्री आपल्या भावाने होते आणि उद्याची सावकाराच्या भावाने, एवढे तिला समजत होते. आणि व्यवहारात समजण्यासारखे मुख्य तेवढेच असते.

येथे श्यामच्या वडिलांना दुष्ट ठरविण्याचा मोह कोणास होईल, तर तो मोह पुस्तकच टिकू देत नाही. आजोबांनी पाने मागे उलटली तो अळणी भाजीची रात्र समोर आली. भाजीत मीठ घालावयाचे बायको विसरली. नवऱ्याने पहिल्या घासालाच ते ओळखले, आणि तिला वाईट वाटू नये म्हणून चकार शब्द न काढता तो जेवून उठला. मुलालाही त्याने बोलू दिले नाही. पत्नीच्या मनाला एवढेसे लागू नये म्हणून अळणी भाजी गोड मानून खाणारा हा पुरुष. परंतु तिने संसाराच्या ताटात कोठे मीठ कमी पडते आहे ते सांगितले, तेव्हा त्याला ते ऐकवले नाही. त्याचे प्रेम कमी नव्हते. तिला दुखवू नये एवढे प्रेम त्याच्यापाशी होते; तिला विचारावे एवढे नव्हते. आणि हे दोन्ही गुण एक नव्हेत, हे त्या गृहस्थांना वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, रात्री साडेअकरा वाजता, आपल्या वडिलांच्या पुस्तकात प्रथमच दिसले.

ते इतके अस्वस्थ का झाले, हे आता सांगितले पाहिजे. दीड महिन्यापूर्वी मुलाने नवी जागा घेतली होती. बँकेचे कर्ज चाळीस लाखांचे. व्याज दरसाल नऊ टक्के आणि मुदत वीस वर्षे. दरमहाचा हप्ता सुमारे छत्तीस हजार. गावाकडे वडिलार्जित जमिनीचा एक तुकडा आजोबांच्या नावावर होता. तेथे कोणी राहत नव्हते, काही पिकत नव्हते, आणि गावचाच एक मनुष्य त्यासाठी दहा लाख द्यावयास तयार होता. कर्जाचे कागद होण्याच्या सुमारास सूनबाई एकदा अत्यंत नम्रपणे म्हणाली होती, “बाबा, ती जमीन विकून आत्ताच बँकेत भरले, तर फार फरक पडेल. मी हिशेब केला आहे. आपण पाहाल का?” आजोबांनी वही पाहिली नव्हती. ते रागावलेही नव्हते. ते हसून म्हणाले होते, “अगं, पूर्वजांची जमीन अशी विकायची नसते. हप्त्याचं तुम्ही दोघं पाहालच.” सूनबाईने वही मिटली आणि तो विषय घरात पुन्हा निघाला नाही. मुलगा आता शनिवारीही काम करू लागला होता, आणि जेवताना पूर्वीपेक्षा कमी बोलत होता.

आजोबांना आपण फार सौम्यपणे वागलो असे वाटले होते. आता त्यांना कळले, की अळणी भाजी खाणाऱ्या त्या गृहस्थाचा सौम्यपणाही असाच होता.

‘श्यामची आई’ हे मुलांनी आईवर प्रेम करावे यासाठी लिहिलेले पुस्तक आहे, असे सामान्यतः समजले जाते, आणि ते खरेही आहे. परंतु घरच्या कर्त्या पुरुषांनी ते पुन्हा वाचावे यासाठीही ते लिहिलेले आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. लहानगा श्याम घरातला हिशेब पाहत नव्हता. पुस्तके मिळावीत म्हणून तो एकदा चोरीही करून बसला. धाकट्या भावाला कोट शिवावा म्हणून त्याने खाऊचे पैसे साठविले. परंतु घराला लागलेली वाळवी त्याच्या दृष्टीस पडण्याचे ते वय नव्हते. शिवाय त्याच्या अभ्यासात व्यत्यय नको म्हणून पुष्कळशा गोष्टी त्याच्यापासून लपविल्याही जात. आईच्या अखेरच्या दुखण्याची खरी बातमीदेखील त्याला वेळेवर मिळाली नाही. हे सारे पाहिले ते तुरुंगातल्या तेहतीस वर्षांच्या श्यामने. त्याने आईच्या मायेच्या आठवणींशेजारी कर्जाच्या आठवणीही तितक्याच काळजीने मांडून ठेवल्या. वाचकाने मात्र पहिल्या तेवढ्या उचलल्या आणि दुसऱ्या तशाच राहू दिल्या.

आजही कर्जाचे रूप पालटले आहे, स्वभाव पालटलेला नाही. दारात बसणाऱ्या कारकुनाच्या जागी दरमहा ठरल्या तारखेस खात्यातून आपोआप वजा होणारा हप्ता आला. ढोल पिटण्याच्या जागी बँकेचे सूचनापत्र आले. कायद्याने ऋणकोला पूर्वीपेक्षा अधिक संरक्षण दिले आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु घरातील पैशाविषयी घरातल्या घरात मोकळेपणाने न बोलण्याची रीत मात्र जुन्या घरांतून नव्या घरांत जशीच्या तशी राहावयास आली आहे. किती घरांत कर्जाचा आकडा एकट्या कर्त्या पुरुषालाच माहीत असतो! किती घरांत म्हाताऱ्या आईवडिलांना ‘तुम्ही काळजी करू नका’ असे सांगितले जाते, पत्नीला ‘मी पाहतो’ असे सांगितले जाते, आणि मुलांना काहीच सांगितले जात नाही! ज्याला सारे ठाऊक असते तो एकटा जागतो; ज्यांना ठाऊक नसते त्यांना त्याच्या जागण्याचे कारण कळत नाही. महाराष्ट्राच्या खेड्यांतून कर्जापायी शेतकऱ्यांनी प्राण दिल्याच्या वार्ता गेल्या कित्येक वर्षांपासून येत आहेत. त्या दुःखाची कारणे मोठी आहेत. पावसात, बाजारभावात आणि धोरणात ती शोधली पाहिजेत. तरी त्या वार्तांत पुष्कळदा एक वाक्य असते, की एवढे देणे झाले आहे हे घरात कोणास माहीत नव्हते. श्यामच्या घरी निदान आईला माहीत होते. तिला ते माहीत असूनही तिचा उपयोग करून घेतला गेला नाही, हे तिचे दुर्दैव.

आवडत्या पुस्तकाचे पुनर्वाचन म्हणजे त्याची पुन्हा पूजा नव्हे. कोठे त्या पुस्तकाचे बोट धरावयाचे आणि कोठे त्याच्या पुढे एक पाऊल टाकावयाचे, हेही त्यातून उमगावे लागते. याचा सर्वांत सुंदर दाखला खुद्द साने गुरुजींनीच घालून दिला आहे. पुस्तकात एका वृद्धेच्या डोक्यावरची लाकडांची मोळी खाली पडते. ती त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील. तिला हात लावावयास कोणी धजत नाही. श्यामची आई मुलाला सांगते, जा, तिची मोळी उचलून दे, आणि मग घरी येऊन स्नान कर. त्या काळच्या खेड्यात तेवढे करावयासही धैर्य लागत होते. आजच्या वाचकाला मात्र ते स्नान खटकते, आणि ते खटकलेच पाहिजे. परंतु ते सर्वांआधी खटकले होते त्या मुलालाच. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी प्राण पणास लावून उपोषण केले, आणि ते दार उघडले. आईने मोळी उचलावयास सांगितले होते. मुलाने ती शिकवण तशीच पुढे नेली आणि स्नान तेवढे मागे टाकले. आपल्या आईचे याहून अधिक निष्ठावंत वाचन कोणत्या मुलाने केले असेल? तिची अवज्ञा न करता तो तिच्या पुढे गेला.

आजोबांना हे सारे त्या एका रात्रीत सुचले असे नव्हे. उरलेल्या रात्री वाचीत असताना ते एकेक उलगडत गेले. आईच्या दुखण्याचे प्रकरण आले तेव्हा नात रडली, आणि आजोबांनी तिला रडू दिले. कारण त्या वयात तेच वाचन खरे असते. तिच्या वाट्याचा दुसरा अर्धा भाग पुस्तक तिच्यासाठी जपून ठेवील. बेचाळिसावी रात्र संपल्यावर नातीने पुस्तक मिटले, सुटलेला पुठ्ठा नीट बसविला, आणि शाळेच्या वहीत ते कसे लिहावे याचा विचार करीत ती झोपावयास गेली.

दुसरे दिवशी रविवार होता. सकाळचा चहा झाल्यावर आजोबा सूनबाईला म्हणाले, “तू त्या दिवशी एक वही आणली होतीस. ती आहे का अजून?”

सूनबाईने मुलाकडे पाहिले. मुलाने वर्तमानपत्र खाली ठेवले. वही आली. त्यात सुवाच्य अक्षरांत लिहिले होते, की पहिल्या हप्त्याच्या छत्तीस हजारांपैकी तीस हजार निव्वळ व्याजाचे जातात आणि मुद्दल जेमतेम सहा हजारांनी उतरते. खाली दुसरा हिशेब होता: आरंभीच दहा लाख भरले आणि हप्ता तेवढाच चालू ठेवला, तर वीस वर्षांचे कर्ज अकरा वर्षांत फिटते. त्याच्याही खाली, शिसपेन्सिलीने, नातीचे अकरा वर्षांनंतरचे वय लिहिलेले होते.

आजोबांनी चष्मा लावून दोन्ही हिशेब सावकाश तपासले. कचेरीत छत्तीस वर्षे ते दुसऱ्यांचे हिशेब तपासत आले होते; त्यांना त्यात एकही चूक सापडली नाही. पूर्वजांच्या जमिनीविषयी त्यांना वाईट वाटले नाही असे नाही. आपल्या आजोबांनी लाविलेला आंबा त्या तुकड्यात होता, आणि तो आंबा आता दुसऱ्याचा होणार होता. परंतु बेचाळीस रात्री ज्या घरात ते वस्तीस होते, त्या घराने जमीन राखण्याची किंमत काय पडते ते त्यांना दाखविले होते. त्यांनी वही सूनबाईच्या हाती परत दिली आणि म्हणाले, “येत्या आठवड्यात गावी जाऊन येतो. पण एकटा जात नाही. तूही चल. बोलणी तू कर.”

नात तेथेच बसली होती. तिने काहीच विचारले नाही. तिचा प्रश्न तिच्या ध्यानातही राहिला नसावा. तो पंधरा दिवसांपूर्वीचा होता.